पाठमोरा म्हातारा

माझ्याच गल्लीच्या तोंडाशी उभी राहून मला माझं घर कुठल्या बाजूला आहे ते कळेना. हातात भाजीची पिशवी, सकाळची वेळ, डोक्यावर रोजचंच ऊन. बसथांब्यावरून रस्ता ओलांडला की एका अंगाला औषधांचं दुकान, दुसऱ्या अंगाला शिंप्याचं, मधे ते वाकडं झाड. सगळं जागच्या जागी होतं आणि तरी सगळं चुकलेलं होतं. मी डावीकडे, औषधांच्या दुकानाच्या बाजूला वळले, चार पावलं टाकली आणि पाय अडले. ही बाजू नव्हे, असं पाय म्हणत होते. हीच, असं डोकं म्हणत होतं. मागे फिरले तर तीही बाजू परकी. येणारे-जाणारे मला वळसा घालून जात होते आणि मी आपली चेहरा शाबूत ठेवून उभी, जणू कुणाची तरी वाट बघतेय. शिंपी मशिनवरून मान वर करून बघत होता. शेवटी उठून आला. म्हणाला, "बाई, कुणाला शोधताय?" मी म्हटलं, "कुणाला नाही, जरा ऊन खातेय." त्यानं हातातली पिशवी घेतली आणि मला माझ्या दाराशी आणून सोडलं. मी भूगोलाची बाई. जन्मभर पोरांना दिशा शिकवल्या. शाळेत माझं नाव होकायंत्र पडलं होतं, आणि मी वरवर रागावायचे पण मनातून मला ते फार आवडायचं. त्या होकायंत्राला शिंप्यानं घरी पोचतं केलं.

आता पुलावरून चालताना तेच पुन्हा डोक्यात घोळत होतं. पूल लांबलचक, वारा पश्चिमेचा, पदर दोनदा तोंडावर येऊन गेला. खाली खाडीचं पाणी ओहोटीनं मागे सरत चाललेलं, चिखलावर पक्ष्यांच्या पायांची नक्षी. नदीच्या मुखातून भरतीचं पाणी जिथवर आत शिरतं ती खाडी, ही व्याख्या मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिली आहे की झोपेतून उठवलंत तरी म्हणेन. व्याख्या येते, घर सापडत नाही, असा हा प्रकार. मागे, शहरात, माझ्या घरी या वेळी मुलगा आणि सून खोकी भरत होते. भांडी कागदात गुंडाळून, पुस्तकं दोरीनं बांधून. संध्याकाळी सामानाची गाडी यायची होती. मी त्यांना सांगितलं होतं की आमची ठसेवाली मंडळी आज खाडीला फेरी मारणार आहेत, शेवटची म्हणून जाऊन येते. मंडळी-बिंडळी कुणी नव्हतं. मी एकटीच होते. हे कळलं असतं तर मुलानं दाराला कडी घातली असती, आणि मला वाटतं, त्याचं चुकलंही नसतं.

ठसेवाली मंडळी म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर सगळ्यांना वाटतं आम्ही कचेरीत बसून कागदांवर शिक्के मारतो. कुणीतरी एक घट्ट झाकणाचा डबा कुठेतरी बाहेर लपवायचा: झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या भगदाडात, दगडाखाली. डब्यात एक कोरी वही आणि स्वतःच्या हातानं रबराच्या वडीवर कोरलेला एक ठसा. मग डब्यापर्यंत पोचायच्या खुणा लिहून सगळ्यांना द्यायच्या. ज्याला सापडेल त्यानं डब्यातला ठसा आपल्या वहीत उठवायचा, आपला ठसा डब्यातल्या वहीत उठवायचा, आणि डबा होता तसा ठेवून मुकाट्यानं घरी यायचं. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. माझे यजमान असताना म्हणायचे, "एवढी पायपीट करून आणलंस काय, तर शाईचा डाग!" पण त्यांनाच परक्या गावात रस्ता विचारायची लाज वाटायची, आणि मग ते हळूच माझ्या मागे मागे यायचे.

आज मी शोधत होते तो डबा चष्मेवाल्याचा. चष्म्याचं दुकान आहे त्यांचं, आमच्यात नवीनच आलेत, आणि हा त्यांचा पहिलावहिला डबा. ठसा कोरला, खुणा लिहिल्या, डबा नेऊन ठेवला, आणि लगेच गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात. तेव्हापासून मंडळींतले जे जे म्हणून इकडे येऊन गेले ते हात हलवत परत. सगळ्यांनी मिळून निकाल दिला की डबा समुद्रानं नेला. चष्मेवाल्यांना भरती-ओहोटीतलं काडीचं कळत नाही, असंही वर म्हणून झालं. ते बिचारे अंथरुणावरून प्रत्येकाला सांगत होते, "अहो, तिथंच आहे, डोळ्यांसमोर आहे!" आणि ज्याचा धंदाच लोकांना दिसायला लावायचा, त्यानं असं म्हणावं म्हणून लोक आणखीनच हसत होते. आता मी या फंदातच पडत नाही, असं ते परवा मला म्हणाले. आवाज लहान झाला होता. मला त्यांची कीव आली आणि थोडा रागही आला, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मुलाला "बरं, येते तुमच्याकडे राहायला" असं म्हणताना माझा आवाज अगदी तसाच निघाला होता.

ते मी म्हटलं होतं, दुसऱ्या कुणी माझ्या तोंडी घातलेलं नाही. उगीच मुलाच्या नावानं बोटं कशाला मोडू? शिंप्यानं त्याला फोन केला तेव्हा तो काम टाकून धावत आला. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची, गोड. तिनं मला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले, वार विचारला. मी सगळं बरोबर सांगितलं आणि प्रत्येक बरोबर उत्तरागणिक मला जास्तच भीती वाटत गेली, कारण त्या कोपऱ्यावर कुणी मला वार विचारला असता तर तोही मी बरोबरच सांगितला असता. ती म्हणाली, "तसं काही दिसत नाही, पण लक्ष ठेवा." लक्ष कुणी ठेवायचं? मी? ज्या डोक्यावर लक्ष ठेवायचं त्याच डोक्यानं? घरी परत येताना मुलगा गाडी चालवता चालवता सारखा माझ्याकडे बघत होता. लहानपणी ताप आला की मी त्याच्याकडे बघायचे तसं. मला ते सोसेना. मी म्हटलं, येते. त्याचा जीव भांड्यात पडला आणि माझा कुठे पडला ते मला आजतागायत सापडलं नव्हतं.

सुनेनं त्यांच्या घरी माझ्यासाठी खोली तयार केली आणि मला बघायला नेलं. उजेडाची, खिडकीतून बाग दिसणारी. रात्री उठले तर अडखळू नये म्हणून जमिनीलगत छोटा दिवा. आणि बोळातल्या एका दारावर तिच्या सुबक अक्षरात चिठ्ठी: "बाथरूम". मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. ती मागे उभी होती, म्हणाली, "आई, नवीन घर ना, म्हणून लावली." इतक्या मायेनं म्हणाली की भांडायलासुद्धा जागा उरली नाही. दुष्ट सून असती तर बरं झालं असतं, निदान दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. त्या रात्री मी नवा ठसा पेटीत टाकून दिला. माझा जुना, होकायंत्राचा, रबर फाटून निकामी झाला होता. म्हणून मी कितीतरी दिवस रोज सकाळी भिंगाखाली धरून नवा कोरत बसायचे. चित्र दुसरं कशाचं, आमच्या गल्लीच्या कोपऱ्याचंच, बसथांब्यावरून दिसतो तसा. त्या सकाळीसुद्धा भाजीला निघेपर्यंत तेच कोरत बसले होते. झाडाची पानं तेवढी राहिली होती. त्यानंतर तो कोपरा डोळ्यांपुढे नकोसा झाला. आज निघताना मात्र ठसा घेतला बरोबर, बोडक्या झाडासकट. डबा सापडला तर हात हलवत काय उठवणार?

पूल संपला. पलीकडच्या काठाला बर्फाचा कारखाना, दुरुस्तीला काढलेल्या होड्या, डांबराचा वास. एका होडीखाली आडवा झालेला माणूस ठोकत होता, त्याचे फक्त पाय दिसत होते. मी प्रत्येक वळणावर थांबून मागे बघत होते: पूल कुठे, सूर्य कुठे, पाणी कुठल्या हाताला. असं मी पूर्वी कधी करत नसे. पूर्वी दिशा माझ्या अंगातच असायच्या. वर्गात पोरांसमोर उभं राहून उजवा हात वर केला की त्यांना तो डावीकडे दिसतो, म्हणून मी पहिल्या दिवसापासून वर्गाकडे पाठ करून दिशा शिकवायचे. मुख्याध्यापक म्हणायचे, बाई, वर्गाकडे पाठ करू नये. मी म्हणायचे, सर, मग पोरं जन्मभर उलटी चालतील. आणि आज तीच मी, दर शंभर पावलांवर स्वतःला विचारत होते की बाई, उजवा हात कुठला?

जुना धक्का आला. खुणांत लिहिलं होतं: धक्क्याच्या टोकाशी जा, पुलाकडे तोंड करा, पुलाचा काठाकडचा शेवटचा खांब बघा, त्याच्या डावीकडे एक खडक आहे, समुद्राकडे पाठ करून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा, त्याच्या मांडीत हात घाला. खांबाच्या डावीकडे पाण्यात खडकांची रांगच होती, ओहोटीनं उघडी पडलेली, शेवाळलेली. आणि एकदा म्हातारा बघायचाच असं ठरवलं की प्रत्येक खडकात म्हातारा दिसतो! इथे एक बसलाय, तिथे एक निजलाय, एक तर चक्क जांभई देतोय. मी खाली उतरले, खांबापाशी गेले, चपला हातात घेतल्या आणि एकेका म्हाताऱ्याच्या मांडीत हात घातला. शेवाळ, शिंपले, एक खेकडा, एक फुटकी बाटली. कंबर भरून आली. शेवटच्या खडकाशी पोचले तेव्हा पाण्याचा पट्टा माझ्या डोळ्यांच्या पातळीवर दिसला, खडकांवरचा काळा पट्टा. म्हणजे भरतीला हे सगळे पाण्याखाली. संपलं. मंडळींचं बरोबर होतं. समुद्रानं नेला.

मी काठाला येऊन एका दगडावर टेकले आणि मला रडू आलं. एका डब्यासाठी रडावं असं माझं वय नाही, पण मी डब्यासाठी रडत नव्हतेच. निघताना मी मनाशी एक पैज लावली होती, ती कुणालाही सांगितली नव्हती: हा डबा मी एकटीनं शोधला, तर माझं डोकं माझं आहे, नाही सापडला, तर मुकाट्यानं त्या दारावरच्या चिठ्ठीच्या घरी जायचं आणि पुन्हा कधी कुरकुर करायची नाही. आता कुरकुर करायची नव्हती. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून पिशवीतून ठसा काढला, शाईची डबी काढली, आणि सवयीनं, दमट हवेत शाई धरते का ते बघायला, वहीच्या मागच्या पानावर एक ठसा उठवला. छान उठला. औषधांचं दुकान डावीकडे, शिंपी उजवीकडे, मधे बोडकं झाड. अगदी खरा कोपरा. मग शाई पुसायला रबर उलटं केलं. रबरावर शिंपी डावीकडे होता.

असणारच. ठसा उलटा कोरावा लागतो, तेव्हा तो सुलटा उमटतो. हे पहिल्याच दिवशी शिकवतात. पण माझी नजर त्या रबरावर खिळली. शिंपी डावीकडे. शिंप्याच्या पुढे माझं घर. मी त्या सकाळी डावीकडे वळले होते. डोकं म्हणत होतं, डावीकडे! कितीतरी सकाळी मी भिंगाखाली या कोपऱ्याकडे बघत बसले होते, खऱ्या कोपऱ्याकडे नव्हे, या रबरावरच्या कोपऱ्याकडे, इतकी की डोळे मिटले तरी तोच दिसायचा. त्यातून उठले, तशीच भाजीला गेले, आणि येताना तो उलटा कोपरा डोक्यात घेऊन खऱ्या कोपऱ्यावर उभी राहिले. पाय खरं बोलत होते. डोकंही, अगं बाई, डोकंही खोटं बोलत नव्हतं! ते फक्त रबरावर होतं. मी मोठ्यानं हसले. होडीखालच्या माणसाचे पाय हलायचे थांबले.

आणि मग दुसरी गोष्ट आपोआप आली. चष्मेवाल्यांना फोन लावला.

"खुणा कधी लिहिल्यात तुम्ही?"

"कधी म्हणजे? ठसा कोरला, त्याच बैठकीत लिहून टाकल्या. का? नाहीये ना? जाऊ दे हो बाई, मी सोडलंय ते सगळं."

"गप्प बसा जरा. लिहिताना समोर काय होतं?"

"ठसा. त्यावर सगळं कोरलेलं आहे ना, खांब, खडक..."

"कागदावर उठवलेला ठसा, की नुसतं रबर?"

पलीकडे खाट करकरली. मग अगदी हळू, "रबर."

"आता मला सांगा, म्हातारा खांबाच्या कुठल्या बाजूला आहे?"

"बाई," ते म्हणाले, "मी गाढव आहे."

"तुम्ही ठसेवाले झालात," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

खांबाच्या उजवीकडे, जमिनीच्या अंगाला, दगडी बांधाची भिंत होती आणि तिच्या पायथ्याशी, भरतीच्या काळ्या पट्ट्याच्या चांगलाच वर, तो बसला होता. कुणाला विचारायची, वाद घालायची गरजच नव्हती. वाकलेली पाठ समुद्राकडे, मान खाली, दोन्ही गुडघे पोटाशी. इतका म्हातारा की त्याला नमस्कार करावासा वाटला. एवढी माणसं इथून गेली, त्याच्या पाठीला पाठ लावून पाण्यात शोधत राहिली. मांडीत हात घातला. कोरडी वाळू, एक चपटा दगड, दगडाखाली डब्याचं गार झाकण. झाकण उघडताना नखं दोनदा घसरली. आत वही कोरी करकरीत, आणि ठसा: पूल, खांब, म्हातारा. नवख्या हाताचा, रेषा कुठे जाड कुठे बारीक, पण जीव ओतलेला. मी तो माझ्या वहीत उठवला. मग त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर माझा कोपरा उठवला, शिंपी उजवीकडे, आणि तळहात दाबून धरला. माझ्या छातीत काहीतरी इतकं मोठं झालं होतं की श्वास घ्यायला जागा कमी पडत होती. सापडला! मला सापडला! मी हे मोठ्यानं म्हटलं, म्हाताऱ्याला, भिंतीला, खाडीला. नोकरी लागली तेव्हा, मुलगा झाला तेव्हासुद्धा मी अशी ओरडले नव्हते. तेव्हा आसपास माणसं होती, आणि मी शहाणी होते.

डबा होता तसा ठेवला. वाळू सारखी केली. मग मनात आलंच, येणारच होतं: हे एक कोडं सुटलं, पुढचं? उद्या, परवा, कधीतरी खरोखरच पाय आणि डोकं दोघंही चुकतील. चुकतील तेव्हा चुकतील. तेव्हा मीच सांगेन, आणि ती चिठ्ठी मीच माझ्या हातानं दारावर लावीन. पण भीतीपोटी दिलेला होकार आजचा नव्हता. तो परत घ्यायला हवा होता, आणि तो गाडी यायच्या आत घ्यायला हवा होता. मुलाला फोन लावला. मागून चिकटपट्टी फाडल्याचा चर्र आवाज येत होता.

"खोकी बंद केलीस?"

"करतोय. स्वयंपाकघराचं शेवटचं राहिलंय. का गं?"

"उघड. सगळी उघड. मी येत नाही तुमच्याकडे."

चर्र आवाज थांबला. "आई?" तो म्हणाला, आणि मग त्याचा आवाज बदलला, तोच तापाच्या रात्रीचा. "आई, तू आत्ता कुठे आहेस? बरोबर कोण आहे? आजूबाजूला काय दिसतंय ते सांग. घाबरू नकोस."

याला मी भूगोल शिकवला होता. सगळ्या वर्गादेखत याचा कान धरला होता, नकाशात उत्तर खाली काढली म्हणून.

"बरोबर कुणी नाही," मी म्हटलं. "मी एकटी आहे. खाडीच्या उत्तर काठावर, पुलाच्या शेवटच्या खांबाशी, बांधाच्या भिंतीखाली. तोंड पश्चिमेला, पाणी डाव्या हाताला, वारा समोरून. ओहोटी संपत आलीय, थोड्या वेळात पाणी वर चढायला लागेल. तू कुठे आहेस?"

मागून सुनेचा आवाज, "काय म्हणतायत? बऱ्या आहेत ना?" आणि तो तिला काय सांगणार होता कोण जाणे, पण त्याच्या घशातून एक विचित्र आवाज आला, अर्धा हुंदका, अर्धं हसू.

"मी तुझ्या स्वयंपाकघरात आहे," तो म्हणाला.

"मग सगळं जिथल्या तिथे लाव. का चुकले, कशी चुकले, ते घरी आल्यावर दाखवते. तू डोक्याला हात लावशील. तिला सांग, खोली मोडू नकोस म्हणावं, पाहुणी म्हणून येईन, चांगली चार दिवस राहीन आणि तिच्या हातचा चहा पिईन. आणि ती चिठ्ठी तेवढी काढ."

"आई..." तो म्हणाला. "बरं." आणि मग, "घ्यायला येऊ?"

मी वहाणा झटकल्या, पायांतली वाळू काढली.

"कशाला?" मी म्हटलं. "मला रस्ता माहीत आहे."